हा कागद कोणासाठी? कोकणात नव्याने कन्सल्टिंग सुरू करणाऱ्यांसाठी

गेली बारा-तेरा वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात छोट्या उद्योगांना सल्ला द्यायचं काम करतोय. म्हणजे नेमकं काय करतो ते आमच्या आईला अजून कळलेलं नाही, ती लोकांना सांगते "बँकेचं काय तरी लिहून देतो". हल्ली बरीच मुलं विचारतात की आम्हालाही हेच करायचंय, पुण्या-मुंबईची नोकरी सोडून गावी आलोय, कुठून सुरुवात करू. त्यांना तुकड्या-तुकड्यात फोनवर सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी माझी फजिती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलंय.

कुडाळच्या बाजूला एक काजूवाले काका होते. छोटी फॅक्टरी, एक बॉयलर, हाताने चालवायची सात-आठ कटिंग मशीन, वाडीतल्या बायका कामाला. त्यांना मोठी शेड आणि ऑटोमॅटिक मशीन टाकायचं होतं. म्हणाले "प्रोजेक्ट रिपोर्ट पायजे". मी नवीन, उत्साह दांडगा. महिनाभर राबून ४२ पानांचा रिपोर्ट केला, इंग्रजीत, पाच वर्षांचे आकडे, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा कधी ते), डीएससीआर (कमाईतून कर्जाचे हप्ते फिटतील का ते सांगणारा आकडा), रंगीत ग्राफ, स्पायरल बाइंडिंग. काकांनी हातात घेतला, पानं अशी फर्रकन सोडली, "बरा झालो" म्हणाले आणि टीव्हीच्या खाली ठेवला. अर्धे पैसे दिले. पुढे दोन महिने काहीच नाही, बँकेत अर्ज नाही, फोन नाही. मी मनात त्यांना चार शिव्या घातल्या, बाकीचे पैसे बुडाले म्हणून.

मग भाद्रपदात फोन. "तुमी येतलात काय गणपतीक? भाव येतले मुंबैसून."

गेलो. दुपारची आरती झाली, उकडीचे मोदक झाले आणि सगळे ओटीवर बसले. तेव्हा कळलं की सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, आजोबांच्या वेळची सामायिक जमीन, तीन भाऊ मुंबईला, दोन आत्यांची नावं लागलेली, एक पुतण्या डोंबिवलीला. बँक त्याच जमिनीवर कर्ज देणार, म्हणजे सगळ्यांच्या सह्या लागणार. आणि भावांच्या डोक्यात एकच की हा गावाला राहतो, हळूहळू सगळं गिळणार. काकांना स्वतःच्या तोंडाने सांगणं जमत नव्हतं, सांगितलं तरी कोणी ऐकलं नसतं. त्यांना बाहेरचा माणूस हवा होता, कागद हातात धरून सगळ्यांसमोर बोलणारा. त्यासाठी मला बोलावलं होतं, पहिल्या दिवसापासून. आणि मी त्यांच्या हातात इंग्रजी डीएससीआर ठेवला होता.

त्याच रिपोर्टचं एक पान फाडून पाठीमागे मराठीत लिहिलं: कर्ज किती, हप्ता किती, किती वर्षं, जबाबदारी कोणाची. मधल्या वहिनींनी विचारलं, "हप्ता चुकला तर आमच्या नावाचं काय?" ४२ पानांत ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी खरं ते सांगितलं, की तारण दिलेली जमीन बँक विकू शकते, सगळ्यांच्या हिश्श्यासकट. एकदम शांतता. काकांचं तोंड उतरलं. पण खरं सांगितल्यामुळेच बहुतेक, दुसऱ्या भावाने विचारलं की मग फॅक्टरीपुरतीच जागा वेगळी काढली तर? पुढे तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज, सगळ्यांचे जबाब, फेरफार असं करत दीड वर्षाने कर्ज झालं. त्या दिवशी ओटीवर कोणी सही केली नव्हती, उगीच गोड करून सांगत नाही.

तेव्हापासून मी कुठलंही काम घेताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की हा कागद कोणासाठी? कोण वाचणार? कोणाला पटवायचंय? आता बाकीच्या पायऱ्या.

पायरी १: तुमचं काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे

"सगळ्या प्रकारचे प्रोजेक्ट करून मिळतील" असा बोर्ड लावू नका. त्याने लोक झेरॉक्सला येतात. "काजू नि कोकम प्रक्रियेवाल्यांची बँकेची कामं करतो" असं म्हटलं की समोरच्याला लगेच कोणी तरी आठवतं, आमच्या मावसभावाची फॅक्टरी आहे वगैरे. इथे सगळं काम तोंडी फिरतं त्यामुळे तुमचं काम दुसऱ्याच्या तोंडात बसेल असं पाहिजे. पुढे वाढवा हवं तर. मी सुरुवातीला फक्त काजू धरला होता, आंब्यात चार वर्षांनी शिरलो.

पायरी २: पहिली भेट त्यांच्या जागेवर, आणि वेळ बघून

कॅलेंडर आधी पाठ करा. जून-जुलैत लावणी. मग गणपती, तेव्हा धंद्याचं कोणी बोलत नाही (काकांसारखं घरचंच प्रकरण असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गणपतीच बरा, सगळे एका जागी सापडतात). आंबावाला डिसेंबरपासून मोहोर आणि फवारणीत अडकलेला असतो, तुडतुडे आणि थ्रिप्सने त्याचं डोकं आधीच फिरलेलं. मार्च ते मे तर त्याच्याशी पेटीशिवाय दुसरं काही बोलूच नका. काजूवाल्याची बी खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते, तेव्हा त्याचे सगळे पैसे बीमध्ये गुंतलेले असतात. शिमग्याला पालखी दारात आलेली असताना "सर, पाच मिनिटं" म्हणून फोन करणारा एक पोरगा मला माहितीय, त्याला त्या वाडीत अजून कोणी काम दिलेलं नाही. बोटवाल्यांना भेटायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस, बोट वर काढलेली, माणूस जाळी दुरुस्त करत बसलेला असतो आणि त्याला गप्पांना वेळ असतो. हर्णैला मी माझी सगळी कामं जूनमध्येच पकडली आहेत. बाकीच्यांसाठी नवरात्र ते दिवाळी पुढेमागे, भातकापणीचा आठवडा सोडून.

ऑफिसला बोलवू नका, तुम्हीच जा. आणि गेल्यावर लॅपटॉप उघडू नका. चहा येईल, सरबत येईल, ते घ्या, "नको नको" केलंत की पाहुणा उपरा वाटतो. मग म्हणा, जरा फिरवून दाखवा.

फिरताना डोळे उघडे ठेवा. काजूच्या फॅक्टरीत मी आधी ग्रेडिंगच्या टेबलाकडे जातो. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०, आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. पण टेबलावर तुकड्याचा ढीग मोठा दिसला की समजायचं पैसे तिथे गळतायत, कारण तुकड्याला अख्ख्या गराचा भाव कधीच मिळत नाही. मग बी नीट वाळलीय का, उकडल्यावर पुरेशी थंड होऊ देतात का, कटिंगआधी साइजप्रमाणे वेगळी करतात का, हे विचारायचं. एकदा एका माणसाने नवीन मशीनसाठी बोलावलं होतं आणि त्याची लहान-मोठी बी एकाच पात्याखाली जात होती. म्हटलं आधी चाळण घ्या, मशीनचं नंतर बघू. त्या वर्षी मला फी मिळाली नाही, फक्त भेटीचे पैसे. पण आज त्याची सगळी कामं माझ्याकडे आहेत.

ही पहिली भेट फुकट करायची की नाही ह्यावर भांडणं आहेत. माझं मत, पहिली फुकट, दुसरीपासून पैसे, आणि हे पहिल्या भेटीतच सांगायचं.

पायरी ३: बोलावण्याचं खरं कारण शोधा

इथे जरा थांबतो कारण नव्या लोकांची गाडी इथेच रुतते.

अमेरिकेत एमआयटीमध्ये एडगर शाईन नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी सल्लागाराच्या कामाचे तीन प्रकार पाडले होते. एकात क्लायंटला काय पाहिजे ते पक्कं माहीत असतं, तो फक्त तुमचं ज्ञान विकत घेतो. दुसरा डॉक्टर-पेशंटचा, दुखतंय कुठे ते सांगतो आणि तपासून औषध तुम्ही द्यायचं. तिसऱ्यात दोघांनी बसून आधी नक्की झालंय काय ते शोधायचं, आणि उपाय क्लायंटने स्वतः ठरवायचा. माझा अनुभव असा की आपल्याकडचा माणूस येताना पहिल्या प्रकाराचं बोलतो, "एवढं करून द्या", आणि चारात तीन वेळा काम तिसऱ्या प्रकारचं निघतं.

सरळ ज्ञानासाठी बोलावणारे असतात, नाही असं नाही. मे २०१४ मध्ये युरोपियन युनियनने फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली, जानेवारी २०१५ मध्ये ती उठवायचं ठरलं, त्या काळात अचानक सगळ्यांना गरम पाण्याची प्रक्रिया, बागेची नोंदणी, पॅकहाउस हे शब्द कळायला लागले. ४८ अंश तापमानाच्या पाण्यात फळ तासभर ठेवायचं, ते कुठे करायचं, कागद कोणते, हे ज्याला माहीत त्याला काम होतं. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पण तसंच. ते रजिस्ट्रेशन संस्थांच्या नावावर आहे, बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. असं काम स्वच्छ असतं, माहिती द्या, अर्ज भरा, पैसे घ्या. पण तिथेही विचारा कोणासाठी. एक बागायतदार जीआयसाठी मागे लागला होता, खोदून विचारल्यावर कळलं की मुंबईच्या एका सोसायटीतले गिऱ्हाईक "हा कर्नाटकचा नाही कशावरून" असं विचारत होते. मग त्याला सर्टिफिकेटबरोबर पेटीवर लावायला बागेचा फोटो, गावाचं नाव आणि त्याचा स्वतःचा फोन नंबर असलेलं लेबल पण करून दिलं. तो म्हणतो लेबलचाच जास्त उपयोग झाला.

दुसरे ज्यांना फक्त हात पाहिजेत. त्यांना सगळं येतं, तुमच्यापेक्षा जास्त येतं, पण सीझनमध्ये वेळ नाही. तिथे हुशारी दाखवू नका, काम वेळेत द्या.

तिसरे, आणि हे मजेशीर, ज्यांना वाईटपणा घ्यायला माणूस पाहिजे. कोकम आगळ करणारे एक दादा होते, मालाची उधारी सगळीकडे पसरलेली आणि सगळ्यात मोठी थकबाकी सख्ख्या मेहुण्याच्या दुकानात. आता मेहुण्याला उधारी बंद कोण सांगणार? घरात राहायचंय की नाही! मला बोलावलं "सिस्टीम बसवायला". सिस्टीम काय, एक वही. पण पहिल्या पानावर लिहून दिलं की ३० दिवसांच्या वर बाकी असेल तर पुढचा माल जाणार नाही, खाली माझी सही. दादा मेहुण्याला म्हणाले "मी काय करणार, सल्लागाराने बांधून घातलंय". मेहुणा माझ्यावर चिडला, बहीण-भावाचं नीट राहिलं. ह्यात काही चूक नाही, आपलं नाव पुढे करू द्यावं, फक्त आधी त्यांच्याशी ठरवून घ्या की काय काय माझ्या नावावर सांगणार आहात. नाहीतर उद्या कामगाराचा बोनस पण तुम्हीच कापलेला असतो.

चौथे शिक्का मागणारे. ह्यांच्यापासून सांभाळून. समुद्राजवळ होमस्टे बांधलेला एक जण आला, म्हणे वेबसाइट, फोटो, मार्केटिंग सगळं करून द्या. भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचा, विषय येतो म्हणून मी आधी बांधकामाची परवानगी मागितली. तो गप्प. मग "तसं चालतं हो सगळीकडे, तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये लिहा ना ओके आहे म्हणून". मार्केटिंगचं निमित्त होतं, त्याला खरं तर पार्टनरला दाखवायला एक कागद हवा होता. नाही म्हटलं. तो पुन्हा आला नाही, समोर भेटला तर ओळख दाखवत नाही. असंही होतं.

आणि पाचवे, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही, ज्यांना बोलायला कोणी तरी पाहिजे असतं. मुंबईची नोकरी सोडून गावाला आलेला माणूस, धंदा सुरू केलाय, वडील म्हणतात वेडा आहेस, बायको म्हणते मुलांच्या शाळेचं काय, मित्र सगळे तिकडे. असा माणूस तुम्हाला आकडे तपासायला बोलावतो आणि दोन तास भीती सांगतो. ऐकून घ्या. दर महिन्याला एक तास ठरवून घ्या आणि त्याचे पैसे लावा, लाजू नका, त्याला ते परवडतं आणि हवंही असतं. पण मध्येच "मी असतो तर असं केलं असतं" नको.

हे कारण कळायचं कसं? थेट "खरं सांगा" म्हटलं की कोणी सांगत नाही. मी तीन-चार प्रश्न विचारतो. हे आत्ताच का करावंसं वाटलं, मागच्या वर्षी का नाही? घरात कोणाकोणाला माहितीय? आधी कोणाला विचारलं होतं, त्याचं काय झालं? आणि हे काम झालंच नाही तर काय होईल? शेवटच्या प्रश्नावर माणूस जिथे अडतो, मान खाली घालतो किंवा एकदम बायकोकडे बघतो, तिथे काही तरी आहे. बरेचदा उत्तर दुसऱ्या भेटीत, गाडीपर्यंत सोडायला येताना मिळतं. म्हणून गाडी लांब लावा (मस्करी नाही करत).

पायरी ४: एक पानाचं पत्र

मराठीत. काय करणार, काय नाही करणार, कधीपर्यंत, तुमच्याकडून कोणते कागद लागतील, पैसे किती आणि कधी. "काय नाही करणार" हे सगळ्यात महत्त्वाचं. "कर्ज मंजूर करून देणे हे माझे काम नाही, तो निर्णय बँकेचा" हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रात असतं. नाहीतर मॅनेजर बदलला, फाईल अडकली की शिव्या तुम्हाला. आणि पत्र घरातल्या दुसऱ्या माणसासमोर वाचून दाखवा, शक्यतो ज्याचा विरोध आहे त्याच्यासमोर.

पायरी ५: पैसे

"किती द्यायचे?" असं विचारल्यावर "तुम्हाला योग्य वाटेल ते" हे उत्तर कायमचं विसरा. आपल्याकडे भिडेने धंदे बुडालेत. आकडा सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं कठीण असतं, मला तीन वर्षं लागली.

मी तीन टप्प्यांत घेतो, सुरुवातीला, मसुदा दाखवल्यावर आणि काम हातात दिल्यावर. सबसिडीच्या टक्केवारीवर कधी काम घेत नाही. एक तर मग तुम्हाला प्रोजेक्ट उगीच फुगवावासा वाटतो, आणि दुसरं, "सबसिडी आली की देतो" ह्याचा अर्थ नव्या लोकांना माहीत नसतो. पीएमईजीपीमध्ये (नवीन धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना) मार्जिन मनी, म्हणजे सबसिडीच, बँकेत येते ती तीन वर्षं ठेव म्हणून अडकलेली राहते, मग कर्जात वळती होते. म्हणजे तीन वर्षं वाट बघा, आणि तेव्हाही हातात रोख काही येणार नाहीये, मग तुम्हाला देणार कुठून?

तुमची स्वतःची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून घ्या. फायदा असा की एखाद्या कंपनीचं काम केलंत आणि पैसे रखडले तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या) कायद्यात मुदत दिलीय, लेखी ठरलं असेल तरी ४५ दिवसांच्या वर नाही, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. वाडीतल्या काकांवर हा कायदा दाखवू नका अर्थात. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी, तेव्हा सीएला विचारा, त्या दिवशी मला पार्टी द्या.

पायरी ६: भरवसा कशाने बसतो आणि कशाने जातो

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे. तरी तिचे हजार-दीड हजार घेणारे बसलेत. तुम्ही घेऊ नका, फार तर बसून भरून द्या आणि सांगा की हे फुकट असतं. तसंच पीएमएफएमई योजनेत, छोट्या अन्नप्रक्रियावाल्यांना ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख सबसिडी देणारी ती, अर्जासाठी मदत करायला जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. क्लायंटला हे आधी सांगा. एखादा म्हणेल बरं झालं, आणि जाईल तिकडे. जाऊ दे. बाहेरून त्याला कळलं असतं तर तुमचं नाव गावभर झालं असतं, आणि इथे गावभर म्हणजे तीन तालुके.

मशीनवाल्याचं कमिशन. हे सगळ्यांना खेळवतं. मशीन विकणारा तुम्हाला सांगणार, आमचं क्वोटेशन लावा, तुमचं बघतो. मी एकदाच घेतलं होतं, दुसऱ्या वर्षी. ड्रायर तसा ठीक होता, पण सर्व्हिसला माणूस यायचा नाही, आणि क्लायंटने फोन करून विचारलं "तुम्हीच सांगितला होता ना?" तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना कारण पाकिटातले पैसे आठवत होते. पुढच्या महिन्यात जाऊन त्याला सांगितलं आणि तेवढी रक्कम त्याच्या फीमधून कमी केली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला "जेवून जावा". आता मशीनवाल्याला पहिल्याच फोनला सांगतो, जे काय द्यायचंय ते क्वोटेशनमध्ये कमी करून दाखव.

एकाचे आकडे दुसऱ्याला नाही. हे सगळ्यांना माहीत असतं तरी चुकतं, कारण इथे प्रत्येक जण प्रत्येकाचा पाहुणा. वेंगुर्ल्याच्या माणसाने बी काय भावाने घेतली हे सावंतवाडीत चहा पिताना सहज बोलून गेलात की संध्याकाळपर्यंत फोन येतो. कोणी विचारलं तर मी "मला आकडे लक्षातच राहत नाहीत" म्हणतो, सल्लागाराने असं म्हणणं विनोदीच आहे पण चालून जातं.

वाईट बातमी लवकर आणि स्वतः सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. बँकेने अर्ज परत केला तर त्याच दिवशी फोन, जमलं तर भेट. बँकेचा शिपाई पण गावचाच असतो, तुमच्या आधी त्याने सांगितलं तर संपलं.

हाक कशी मारायची हे पण शिका. वयाने मोठ्यांना "सर" नको, काका, दादा, भाऊ, जे घरचे म्हणतात ते. पण पैशाच्या पत्रात पूर्ण नाव आणि श्री. आणि घरातल्या बाईशी बोला. होमस्टेमध्ये, पापड-कोकम-लोणच्याच्या धंद्यात, कित्येक काजू फॅक्टरीत पण खरा हिशोब तिच्या डोक्यात असतो. नवरा आकडा सांगतो तेव्हा आतून "नाय ओ, त्येच्यात गॅस धरलेलो नाय" असा आवाज आला की खुर्ची आतल्या दिशेला वळवा.

पायरी ७: काम संपल्यानंतर

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. माझे तिथे चार क्लायंट, तिघांची कामं कधीच संपलेली. मी रत्नागिरीला. रस्ता सुरू झाल्यावर गेलो तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल, माल काळा पडलेला, आणि एक जण फायली उन्हात एकेक पान सुटं करून वाळवत होता, पानाला पान चिकटलेलं, शाई उतरलेली. विम्याचा सर्व्हेअर येणार होता आणि माल किती होता हे दाखवायला हातात काही नाही.

माझ्याकडे होतं. हुशारी काही नव्हती, सवय होती. सीसी लिमिटसाठी (मालावर मिळणारं खेळतं कर्ज) दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, ते मी करून द्यायचो तेव्हा त्याची आणि खरेदीच्या मोठ्या बिलांची स्कॅन कॉपी माझ्या लॅपटॉपवर ठेवायचो. क्लायंटला विचारून, हे सांगून ठेवतो. चौघांनाही प्रिंट काढून दिल्या. एकाचा दावा लवकर झाला, एकाला बरेच हेलपाटे पडले, एकाने विमाच फक्त बिल्डिंगचा घेतला होता मालाचा नाही, त्याचं काही करता आलं नाही आणि ते आधीच माझ्याही लक्षात यायला हवं होतं. आता कुठलंही काम घेतलं की विम्याची पॉलिसी मागून वाचतो, काम विम्याचं नसलं तरी.

तर काम संपलं की हे करा. सगळ्या कागदांचा एक संच त्यांना, जाड प्लास्टिकच्या फाईलमध्ये, साध्या पुठ्ठ्याच्या नको, पावसाळ्यात बुरशी येते. एक संच स्कॅन करून पेनड्राइव्हवर, तो मुंबईच्या भावाकडे किंवा मुलीकडे पाठवायला सांगा, घरातच ठेवला तर त्याच पुरात जाईल. फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत यादी, कुठला कागद कुठल्या पानावर, कुठल्याची मुदत कधी संपते, कुठलं लायसन कुठल्या महिन्यात रिन्यू करायचं. खाली तुमचा नंबर, आणि त्याच्याखाली आणखी एखाद्या सल्लागाराचा किंवा सीएचा नंबर, म्हणजे तुम्ही नसलात तर त्यांचं अडायला नको. हा दुसरा नंबर लिहायला पहिल्यांदा जिवावर येतं, मला आलं होतं.

मग वर्षातून दोनदा जाऊन या, कामाशिवाय. एकदा मुदतींची यादी घेऊन आणि एकदा गणपतीत. कुडाळच्या काकांकडे मी अजून जातो, आता मशीन मुलगा बघतो. टीव्ही बदलला, पण तो ४२ पानांचा रिपोर्ट अजून तिथेच खाली आहे, एक पान फाटलेला. ते फाडलेलं पान मधल्या वहिनींनी डोंबिवलीला नेलंय.